प्रार्थनासभेत जे बोलू नये आणि पोलिसांना जे सांगायलाच हवं

प्रश्न असा आला आहे: "मिरजेजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी यंदा महिला मंडळाची सेक्रेटरी झाले. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर एका बहिणीनं मला वेलीच्या मांडवाखाली नेऊन मान दाखवली. नवरा मारतो म्हणाली. तिचा नवरा आमच्याच पास्टोरेट कमिटीचा (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीचा) खजिनदार आहे. पाळकसाहेबांच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) कानावर घातलं तर म्हणाले, दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना करू, घरातली गोष्ट घरात राहू दे. मी काय करावं? मंडळीनं यासाठी काही नियम ठेवावेत का? आणि उद्या ती सगळं विसरून परत त्याच्याकडेच राहिली तर?"

आधी त्या मानेबद्दल सांगते, बाकीचं नंतर.

तिनं दाखवलं ते नेमकं काय होतं? ओरखडे, बोटांचे ठसे की नुसता लालपणा? तिला एकटीला गाठून सरळ विचारा, "गळा दाबला होता का?" हो म्हणाली तर पुढचं सगळं बाजूला ठेवून तिला डॉक्टरकडे न्या. गळा दाबल्याची खूण बाहेर दिसतेच असं नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते, कधी कपड्यातच लघवी झालेली असते आणि ते सांगायची लाज वाटते. घशातली सूज किंवा मानेतल्या रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जिवावर बेतते. शिवाय ज्यानं एकदा गळ्याला हात घातला, त्याच्या हातून पुढे बायकोचा जीव जाण्याचा धोका नुसत्या चापट-बुक्क्यांच्या मानानं कितीतरी जास्त असतो.

हे मी फार उशिरा शिकले. जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी सत्तावीस वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते आणि रविवारी आमच्या गायनमंडळात बसायचे. तिथं अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणारी एक बाई होती. नाताळच्या सरावाला एका गुरुवारी आली तर तिचा आवाजच फुटेना. आम्ही सांगलीकडची माणसं. हळद-दूध घे, ज्येष्ठमध चघळ, गार पाणी पिऊ नको, प्रत्येकीनं काहीतरी सुचवलं. मीही सुचवलं, आणि मी तर दिवसभर कॅज्युअल्टीत अशाच बायकांचे केसपेपर वाचत होते. तिनं गळ्याचा स्कार्फ काढला नाही. डिसेंबर होता, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. आदल्या रात्री काय झालं होतं ते तिनं मला पुढच्या उन्हाळ्यात सांगितलं. आता कुणाचा आवाज बसला की मी आधी मान बघते.

आता तुमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण दोघांना एकत्र बसवणं हा मला माहीत असलेला सगळ्यात घातक सल्ला आहे, आणि तो देणारी माणसं बहुतेक वेळा भली असतात. मी स्वतः हे केलेलं आहे. नोकरीची पहिली-दुसरी वर्षं होती. पाळक आणि मी एका घरी गेलो, नवरा-बायकोला समोर बसवलं. तो रडला. गुडघे टेकून त्यानं क्षमा मागितली, आम्ही प्रार्थना केली. तिनं चहा आणला तेव्हा बशा वाजत होत्या. मला वाटलं, भावना दाटून आल्यात. तीन आठवड्यांनी तीच बाई मनगट मोडून आमच्या दवाखान्यात आली आणि प्लास्टर होईपर्यंत माझ्याकडे बघेना. नंतर म्हणाली, "ताई, तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि त्यानं विचारलं, काय काय सांगितलंस त्यांना."

भांडण दोन बरोबरीच्या माणसांत असतं, तेव्हा समेट होऊ शकतो. इथं एक जण दुसऱ्याला घाबरून आहे. घाबरलेलं माणूस त्याच्यासमोर खरं बोलत नाही, आणि बोललं तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजतं.

पाळकसाहेबांशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका, त्यांना ते आव्हान वाटेल. वचनापासून करा, कारण गाडी तिथंच अडते. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं पत्नींनी अधीन असावं हे वचन आपल्याकडं लग्नापासून मयतीपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या वरच्याच ओळीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलंय, आणि खाली नवऱ्यानं ख्रिस्तासारखं स्वतःला पत्नीसाठी द्यावं असं. ते वाचेपर्यंत बायबल मिटलेलं असतं. मलाखीचं तसंच. दुसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनातलं सोडचिठ्ठीचं अर्धं वाक्य सगळे सांगतात, त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग जुलूम करणाऱ्याबद्दल आहे. तो मी एकदाच प्रवचनात ऐकला, तोही पाहुण्या पाळकाकडून. सत्तर वेळा सात क्षमा करावी या येशूच्या वचनाबद्दल विचारलं तर मी एवढंच म्हणते की क्षमा तिनं द्यायची आहे, तिच्या वेळेला. क्षमा केली म्हणून त्याच छपराखाली झोपायला जावं असं त्या वचनात कुठं लिहिलेलं नाही.

माझं सगळं म्हणणं एवढ्यात येतं. सज्ञान बाईच्या बाबतीत आपलं तोंड बंद हवं आणि निर्णय तिचा. लहान मुलाच्या बाबतीत तोंड उघडायलाच हवं आणि निर्णय आपल्या हातात नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये बरोबर उलटं चालतं. बाईचं दुखणं बुधवारच्या प्रार्थनासभेत 'प्रार्थना विषय' म्हणून जातं, गुरुवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं आणि शुक्रवारी नवऱ्याच्या कानावर. मुलाच्या बाबतीत मात्र सगळे एकदम अबोल होतात: आधी खात्री करून घेऊ, त्याच्या घरच्यांची बदनामी नको.

मिरजेत तर हे जास्तच अवघड. १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना सुरू झाला, त्याच्याभोवती आपली वस्ती वाढली. सिस्टर, टेक्निशियन, शिक्षिका, पाळक सगळे एकाच कंपाऊंडमध्ये, कुणाची मावशी कुणाची जाऊ. कुणाला म्हणून सांगायचं? म्हणून पहिला नियम तुमच्यासाठीच: तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय चौथ्या कानी जाऊ देऊ नका. पाळकसाहेबांना तुम्ही आधीच सांगून बसलात, ते झालं. पण तिला ते आजच सांगा. बाहेरून कळलं तर ती पुन्हा तुमच्याकडं यायची नाही. आणि पाळकसाहेबांना विनंती करा की खजिनदाराशी या विषयावर एक शब्द बोलू नका. त्याला समज देणं, पद काढून घेणं, प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) बसू न देणं हे सगळं नंतर, ती सुरक्षित झाल्यावर आणि तिला चालणार असेल तर. आज त्याला मंडळीत कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं तरी त्याचा हिशेब रात्री तिच्याशी होईल.

तिच्याशी बोलायला चर्च ही चांगली जागा नाही. तिचं रोजचं जाणं-येणं जिथून संशय येत नाही तिथं भेटा: शाळेतून मुलं आणताना, शिवणक्लासला, दवाखान्यात. "तू काय केलंस म्हणून तो चिडला?" हा प्रश्न ओठावर आला तरी गिळा. एवढंच म्हणा की माझा तुझ्यावर विश्वास आहे आणि यात तुझी चूक नाही. मग विचारा, "आज रात्री घरी गेलीस तर काय होईल असं वाटतं?" बाईला आपला नवरा बरोबर माहीत असतो. तिचा अंदाज आपल्यापेक्षा खरा ठरतो. मी मनातल्या मनात काही गोष्टी मोजत असते. जिवे मारण्याची धमकी. घरात कोयता किंवा दुसरं हत्यार, आणि आपल्याकडं ऊसतोडीच्या गावात कोयता नसलेलं घर कुठलं. गॅस किंवा रॉकेलची धमकी. ती गरोदर आहे का. मुलांवर हात उगारतो का. "तू गेलीस तर मी मरेन" असं म्हणतो का; हे प्रेम वाटतं, पण मी ते धोक्यातच धरते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: ती सोडून जायच्या बेतात आहे हे त्याला कळलंय का. बाई निघायला लागते ते दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. "सोडून का देत नाहीस?" असं सहज विचारणाऱ्यांना हे माहीत नसतं.

दवाखान्यातली एक गोष्ट सांगते, ती कामाला येईल. अशा बायकांबरोबर नवरा आलेला असतो आणि हलत नाही. डॉक्टर विचारतात, काय झालं? तो उत्तर देतो, बाथरूममध्ये घसरली. केसपेपरवर तेच उतरतं आणि दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात उभा राहतो. आम्ही काय करायचो, नवऱ्याला एक्स-रेचे पैसे भरायला खिडकीवर पाठवायचो. तिथं रांग असते. ती पाच-सात मिनिटं आमची. तुम्ही तिच्याबरोबर गेलात तर सिस्टरला हळूच सांगा की हिला एकटीला बोलायचंय. तिनं डॉक्टरांना कुणी मारलं, कशानं मारलं हे सांगावं, आणि तेच शब्द लिहिलेत ना ते बघावं. कागदाची प्रत आणि जखमांचे फोटो तिच्या फोनमध्ये नकोत, तुमच्या किंवा तिच्या बहिणीच्या फोनमध्ये. प्रत्येक वेळची तारीख, वार आणि त्यानं वापरलेले शब्द लिहून ठेवा, तुमचं मत नको. तिचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे का आणि लोकेशन चालू आहे का हेही बघा. पण लोकेशन एकदम बंद करू नका. ते बंद झालेलं त्याला लगेच कळतं.

आता दारं कुठली उघडी आहेत ते. जिवावर आलं तर ११२. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तिथं रात्रीही फोन लागतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तुमच्यासारखं कुणीही, हिंसा होते आहे असं मानायला कारण असेल तर, त्यांना कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कलम ४ मध्ये लिहिलेलं आहे. कमिटीत कुणी "आपल्यावर केस होईल" म्हणालं तर हे कलम दाखवा. पण कळवता येतं म्हणून तिला न विचारता कळवू नका. जीव जायची वेळ आली असेल तेवढाच अपवाद.

संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून घेतात आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतात. हा फौजदारी खटला नाही, तिला संरक्षण मिळवून देणारा अर्ज आहे. त्यानं जवळ येऊ नये, तिला घरातून काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलं तिच्याकडं असावीत असे हुकूम यातून मिळतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिचा तिथं राहण्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात, तिला खोटी आशा दाखवू नका. पण तातडीचा अंतरिम हुकूम मागता येतो, आणि एकदा हुकूम झाला की तो मोडणं हा गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणखी एक, फारसं माहीत नसलेलं: ती माहेरी कराडला जाऊन राहिली तर अर्ज कराडच्या कोर्टात करता येतो. नवऱ्याच्या गावच्या कोर्टात खेटे घालायची गरज नाही.

पूर्वीचं ४९८-अ, म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून. ती तक्रार तिनं किंवा तिच्या नातेवाइकानं द्यावी लागते. पोलीस ठाण्यात थेट जायला ती बिचकत असेल तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष बघा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम आता राज्यभर पसरलंय, आणि तिथं खाकीतलं नाही तर समाजकार्य शिकलेलं माणूस बोलतं. सरकारच्या सखी केंद्रात थोडे दिवस राहायची सोय होते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी अडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

कागदांची पिशवी आजच तयार करायची, आणि ती तिच्या घरी ठेवायची नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, रोजची औषधं, दुसरी किल्ली, थोडे पैसे. आपल्या लोकांसाठी एक जास्तीचा कागद, लग्नाचा दाखला. आपली लग्नं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतात, नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये असते आणि ते रजिस्टर पाळकांच्या कपाटात. तिच्या लग्नाची नोंद दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये असेल तर ती प्रत आताच, "पासपोर्टला लागते" असं काहीतरी सांगून काढून आणा.

पैशाचं सांगताना तुमच्या मंडळीतली खरी गोची येते. महिला मंडळाच्या पैशातून तिला एसटीचं भाडं आणि आठवड्याचा किराणा द्यावा असं तुम्हाला वाटेल. व्हाउचर कुणाकडं जाणार? खजिनदाराकडं. म्हणजे तिच्या नवऱ्याकडं! एका मंडळीत मी हे असंच घडलेलं पाहिलंय, फक्त तिथं खजिनदार दीर होता. तेव्हा आज जे द्यायचं ते दोघी-तिघींच्या पदरचं द्या. पुढं नियम करताना मात्र अशा मदतीचा छोटा निधी वेगळा ठेवा, नावाशिवाय, फक्त रक्कम आणि तारीख, हिशेब दुसऱ्या मंडळीतल्या एखाद्या निवृत्त बाईंनी तपासावा.

नवऱ्याचं काय करायचं? त्याच्याशी कुणीतरी बोलावं, पण ते माणूस तिच्याशी बोलणाऱ्यापेक्षा वेगळं हवं, आणि ते योग्य वेळी. तो अश्रू ढाळील, मंडळीपुढं साक्ष देईल, उपवास धरील. मी अश्रू मोजत नाही. तो तिला किती वेळा फोन करतो, हुकूम पाळतो का, पैसे वेळेवर देतो का, "पण तिनंसुद्धा..." असं न म्हणता काय केलं ते सांगतो का, हे वर्षभर बघते. दारू सोडली म्हणजे हात थांबला असंही नाही. शुद्धीत मारणारे मी पुष्कळ पाहिले.

ती फारकतीचं विचारेल तर दोन गोष्टी. २००१ च्या दुरुस्तीआधी ख्रिस्ती बाईला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे, त्याला व्यभिचार जोडून सिद्ध करावा लागे. त्या काळातल्या आत्या-मावश्या अजून "आपल्यात घटस्फोट नसतोच" असं सांगतात, ते तिथून आलंय. आता क्रूरता हे कारण पुरेसं आहे. आणि चर्चच्या कोर्टानं विवाह रद्द ठरवला तरी कायद्यानं तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय. आपल्या कॅथलिक बहिणींची यात फार फसगत होते.

आता मुलं. तुम्ही नियमांचं विचारलंय म्हणून हे. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं की पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळक, संडे स्कूलची टीचर, वसतिगृहाची वॉर्डन, कुणालाही यातून सूट नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. कमिटीची मीटिंग घेऊन ठराव करायचा नाही. चौकशी आपण करायची नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, ज्याचं नाव आलंय त्याला बोलावून "खरं का?" असं तर मुळीच नाही. मूल जेवढं सांगेल तेवढं ऐका, त्याच्याच शब्दांत लिहा, त्याच दिवशी १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा पोलीस. जबाब घ्यायला अधिकाऱ्यानं गणवेशात येऊ नये आणि मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यावा अशी तरतूद आहे. पालकांना ती सांगितली की त्यांची निम्मी भीती जाते. मुलाचं नाव जाहीर करणं हाही गुन्हा आहे, तेव्हा ते प्रार्थनेतही घेऊ नका.

रोजचे नियम साधे ठेवा. संडे स्कूलच्या खोलीत दोन मोठी माणसं आणि दार उघडं. मुलाला एकट्याला मोटरसायकलवरून कुणी सोडायचं नाही, पाळकांनीही नाही. टीचरनं मुलांशी खासगी चॅट करायचं नाही. पाचगणीच्या शिबिराला नेताना मुलींच्या खोल्यांसाठी बाईच हवी आणि तिचा नंबर पालकांकडं हवा. नवीन माणसाला वर्ग द्यायच्या आधी त्याच्या जुन्या मंडळीला फोन करायचा. हा फोन कुणी करत नाही. "फार सेवाभावी आहे, गिटारही वाजवतो" एवढ्यावर आपण मुलं सोपवतो.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडंही बघा. मुलगा पेन्शनचं एटीएम घेऊन बसलाय, आजीला औषध मिळत नाही, बक्षीसपत्रावर अंगठा घेतलाय. आईवडील आणि ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज करता येतो, आणि सांभाळायच्या अटीवर दिलेली जागा सांभाळलं नाही तर परत मिळू शकते. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. आणि आरोग्यसभेत (प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेत) कुणी फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल तर तिथल्या तिथं उठून बोला. मी बोलले होते, दोन वर्षं मला कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही.

नियम लिहून काढाल तेव्हा तक्रार पाळकांविरुद्धच असेल तर ती कुणाकडं जाईल, हे आधी लिहा. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) निदान वर बिशप आहेत. सातारा-सांगलीचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात येतात, आणि प्रत्येक धर्मप्रांतानं तक्रार घ्यायची व्यवस्था ठेवावी असा पोपसाहेबांचा आदेश २०१९ चा आहे. स्वतंत्र फेलोशिपमध्ये (कुठल्याच मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळीत) मात्र पास्टर, ट्रस्टी आणि जागेचा मालक एकच असतो, वर कुणी नाही. तिथं बाहेरच्या मंडळीतली दोन माणसं नेमून घेतल्याशिवाय तुमचा नियम म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

एक भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. "आपण मूठभर, त्यात हल्लीचे दिवस असे, बाहेर कळलं तर सगळ्या ख्रिस्ती समाजावर चिखल उडेल." हे म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. पण पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढं केडगावला शेकडो बायकांना आसरा दिला, तेव्हाही चिखल उडालाच होता. आपण त्यांचा फोटो हॉलमध्ये लावतो आणि खाली बसून ठराव करतो की खजिनदाराचं प्रकरण आतल्या आत मिटवावं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ती परत त्याच्याकडंच राहिली तर. राहील, बहुतेक. बायका निघतात, परततात, पुन्हा निघतात. मुलांच्या परीक्षा असतात, भाड्याचं डिपॉझिट नसतं, आई म्हणते नांदायला जा. रागावू नका, "एवढं करून काय उपयोग" म्हणू नका, महिला मंडळाच्या यादीतून तिचं नाव काढू नका. कागदांची पिशवी तुमच्याकडंच राहू द्या. दोघींत एक शब्द ठरवून घ्या, तो तिनं फोनवर म्हटला की तुम्ही काही न विचारता ११२ लावायचा. आमच्या त्या अल्टोवाल्या बाईनं आणि मी "ज्येष्ठमध आहे का?" असं ठरवलं होतं. तिनं ते एकदाच विचारलं, रात्री पावणेबाराला, आणि पोलिसांची गाडी पोहोचली तेव्हा ती मुलांना घेऊन शेजारच्यांच्या पायरीवर बसलेली होती.